चौथ्या बाटलीचा निकाल

"माझी जीभ चोरीला गेलीय," पाहुणा म्हणाला.

मावशीनं चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. जीभ जागच्या जागी होती आणि बोलण्यावरून चांगली तिखटही वाटत होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीत भाचा बिस्किटं खात होता, तो फिसकन हसला. चाळिशी ओलांडलेला, पोट दोन पावलं पुढे चालणारा हा गृहस्थ पूर्वी विमा विकायचा. त्याच्या हातून एकच विमा विकला गेला आणि तोही मावशीलाच. तेव्हापासून तो तिची गाडी चालवायचा, दारं उघडायचा आणि चुकीचे गुन्हेगार सुचवायचा. मावशी खासगी तपास करायची. सगळ्या शहराची ती मावशी होती, खरी मावशी मात्र एकट्या याचीच.

पाहुण्याला त्याच्या धंद्यात चोखंदळ म्हणत. जुन्या वाइन चाखून त्यांचा निकाल देणारा माणूस. वाइन-रसिकांच्या मंडळाचा तो मुख्य परीक्षक होता. त्यानं मान हलवली की बाटली सोन्याची, आणि नाक मुरडलं की मोरीत.

"रविवारी मंडळाची सभा आहे. त्यात मला खुर्चीवरून उठवणार आहेत," तो म्हणाला. "त्याच्या आत मला नाव हवंय. ज्यानं हे केलं त्याला मी या शहरात तोंड दाखवू देणार नाही."

"आधी झालं काय ते सांगा. आणि जेवणातलं काही गाळू नका. भाच्याचा त्यात अभ्यास आहे."

"मंडळाच्या अध्यक्षांकडे मेजवानी होती. त्यांच्या तळघरातल्या चार जुन्या फ्रेंच वाइन. बाटल्यांवर कापड गुंडाळलेलं. आधी मी चाखायचं, ओळखायचं, मग सगळ्यांनी प्यायचं. माशाबरोबर बर्गंडीची पांढरी, बदकाबरोबर तिथलीच लाल, मटणाबरोबर बोर्दो. तिन्ही मी ओळखल्या. सालासकट."

"आणि चौथी?"

"सोतेर्न. तिकडची गोड वाइन. मुरली की मधासारखी होते. सोबत निळ्या बुरशीचं खारट चीज आणि पाकातलं पेअर. ग्लास नाकाशी नेला. मध, जर्दाळू, संत्र्याची साल... वा! आणि घोट घेतला तर लिंबाचं पाणी! आंबट ढाण. गोडाचा मागमूस नाही."

"मग?"

"मग मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. बाटली खोटी आहे, आंबट वाइनमध्ये मधाचा अर्क कालवलाय, आणि यजमान लबाड आहे. मग बाकीच्यांनी आपापले ग्लास तोंडाला लावले. एक बाई म्हणाली, 'अय्या, किती गोड!' आणि सगळे हसले. सगळेच्या सगळे."

हसले हा शब्द त्यानं तोंडातला खडा थुंकावा तसा टाकला. माणूस चुकीचं बोलल्याचं दुःख विसरतो, पण लोक हसल्याचं कधी विसरत नाही.

"सर्दी होती?"

"नाक स्वच्छ होतं. वास सगळे बरोबर सांगितले मी."

"घरी गेल्यावर?"

"गाडीत घसा कोरडा पडला म्हणून एक गोळी चघळली. आधी गोडच लागेना. घर येईस्तोवर गोड लागायला लागली."

"तुम्ही असं काय खाल्लंत-प्यायलात, जे इतरांनी नाही?"

"काही नाही. उलट ब्रेडलाही शिवलो नाही. लोक दोन वाइनच्या मधे ब्रेड खाऊन तोंड साफ करतात. मी कडक, बिनसाखरेचा काळा चहा तोंडात घोळवतो आणि थुंकतो. माझी ती रीतच आहे, सगळ्या धंद्याला माहीत आहे. चहा मी स्वतः उकळतो. थर्मास माझ्या पायाशी असतो आणि कुणाला हात लावू देत नाही."

"माझ्याकडे यायला कुणी सांगितलं?"

"आमच्या वहिनींनी. पोलिस हसतील म्हणाल्या, आणि तुम्ही शेवटपर्यंत सोडत नाही म्हणाल्या."

तो गेल्यावर भाचा म्हणाला, "मावशे, यजमानच. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच बाटलीत."

"बाटलीत? मग बाकीच्यांना गोड कशी लागली?"

भाच्यानं पुढचं बिस्कीट तोंडात टाकलं.

*

अध्यक्ष लांबलचक जेवणघरात येरझाऱ्या घालत होते. राग अजून उतरला नव्हता.

"माझ्या वडिलांनी जपलेली बाटली! मी सगळ्यांसमोर उघडली, एका सुरईत ओतली आणि त्याच सुरईतून सगळ्यांना वाढली. त्यालाही."

"ग्लास?"

"त्याचे ग्लास तो स्वतः पुसतो. स्वतःच्या रुमालानं. बाई, मी त्याला बोलावलं होतं कौतुक करून घ्यायला. चोर म्हणवून घ्यायला नव्हे."

"हसू तर त्यांचं झालं."

"माझंही झालं असतं, लोकांनी घोट घेतला नसता तर. त्याच्या शब्दावर लोक घोट न घेता बाटल्या ओतून देतात."

आत स्वयंपाकघरात आचारी सुरीला धार लावत होता. प्रश्न ऐकून त्यानं सुरी खाली ठेवली, पण फार लांब नाही.

"त्यानं माझ्या सॉसबद्दल लिहिलं होतं, सायकलच्या साखळीला चांगला. त्याचा गळा धरावा असं मला रोज वाटतं. पण जेवणात मी काही घालणार नाही. माणसावर राग असतो, मटणावर नसतो."

"त्या दिवशी जेवणाला नावं ठेवली?"

"विचारू नका! मटणाभोवती कांदे होते, मंद आचेवर पाक सुटेपर्यंत परतलेले. लोकांनी बोटं चाटली. हा म्हणाला, भिजलेला कागद. पेअरला म्हणाला, उकडलेला मुळा. चीजचं मात्र कौतुक. म्हणे, खारटपणा नेमका."

"कांदे मटणाबरोबर. म्हणजे तिसऱ्या वाइनच्या वेळी?"

"हो. सोतेर्न तर अजून यायची होती."

"आणि बाकीचं? मासा? बदक?"

"त्यात गोड काही नव्हतंच. गपचूप खाल्लं."

बाहेर आल्यावर भाचा कुजबुजला, "मावशे, आचारीच. सुरी बघितलीस?"

"सुरीनं जीभ कापतात रे, चव नाही."

*

चोखंदळाच्या चेल्याचं दुकान बाजारपेठेत होतं. पातळ मिशीचा, गोड बोलणारा माणूस. मुख्य परीक्षकाची खुर्ची रिकामी झाली तर तीवर हाच बसणार, हे तो लपवत नव्हता.

"मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो. माझ्यावर संशय येणं साहजिक आहे," तो म्हणाला. "पण मी काही केलं नाही. मला फक्त वाट बघायची होती. म्हातारपण कुणाला चुकलंय?"

"गुरूंचं नाव एवढं झालं कशामुळे?"

"ठाऊक नाही तुम्हाला? सख्ख्या थोरल्या भावाला सोडलं नाही म्हणून! थोरला जुन्या फ्रेंच वाइनचा व्यापारी. यांना चाखायला त्यानंच शिकवलं, लहानाचं मोठं केलं. आणि भर सभेत यांनी त्याची बाटली खोटी ठरवली. तीही सोतेर्नच होती. 'वास मेलेला, नुसता साखरेचा पाक,' असं म्हणाले. काय वाहवा झाली! भावाचीही भीड नाही, असा परीक्षक."

"आणि भाऊ?"

"दुकान बसलं. माणूस खचला, मग गेला."

"बाटली खरंच खोटी होती?"

चेल्यानं मिशीवरून बोट फिरवलं. "कोण चाखणार? तिथल्या तिथे ओतून दिली. वहिनींना मात्र गुरूंनी घरी आधार दिला. दर भाषणात सांगतात ते."

भाच्यानं गाडीत दोनदा "चेलाच" असं म्हणून पाहिलं. मावशीनं खिडकीची काच खाली केली.

*

वहिनी ठेंगण्या, ताठ बाई होत्या. चोखंदळाच्या घरचं स्वयंपाकघर त्यांनी आरशासारखं ठेवलं होतं. खिडकीच्या गजांवर एक हिरवी वेल चढली होती. त्यांनी चहा केला, भाच्याला दोन चमचे साखर घातली, स्वतः घेतली नाही.

"मला साखरेचा आजार आहे," त्या म्हणाल्या. वेलीचं एक पान तोडून त्यांनी चघळलं. "डॉक्टरांची गोळी आहेच, वर हा पाला. कडू जहर आहे, पण चघळला की गोडाची वासनाच मरते. घ्या की एखादं."

भाच्यानं हात पुढे केला.

"त्याला नको," मावशी म्हणाली. "जन्माचं नुकसान होईल त्याचं."

वहिनी हसल्या. मग वरच्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. "तो भाऊजींच्या चहाचा. चाखायला जायचं असेल त्याच दिवशी काढतात. मी पाणीही उकळलेलं त्यांना चालत नाही."

"बाकी सगळं तुम्हीच बघता?"

"सगळं. कपडे, जेवण, औषध. नाक तर जन्माचं सर्दाळू. सर्दी झाली की वाफारा मीच देते." त्यांनी कपबशी पुसायला घेतली. "आमच्या ह्यांच्या बाटलीचा निकाल दिला ना, त्या सकाळीही माझ्याच स्वयंपाकघरात डोक्यावरून टॉवेल घेऊन बसले होते."

मावशीचा कप ओठांशी थांबला. वहिनी बशी पुसतच राहिल्या. भाचा साखरेच्या भांड्यात बघत होता.

"त्यांना माझ्याकडे तुम्ही पाठवलंत," मावशी म्हणाली.

"हो. उगाच हसण्यावारी जायला नको."

*

रविवारी सभेच्या आधी मावशीनं सगळ्यांना अध्यक्षांच्या जेवणघरात बोलावलं. दारापलीकडच्या दिवाणखान्यात मंडळाची माणसं जमायला लागली होती, खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. आत अध्यक्ष, आचारी, चेला, वहिनी आणि चोखंदळ. टेबलावर चोखंदळाचा थर्मास, त्याचा पत्र्याचा डबा आणि साखरेचं भांडं.

"चहा यांनी आत्ता स्वतः उकळलाय, नेहमीसारखा," मावशी म्हणाली. "भाच्या, घोट घे. गिळू नकोस, तोंडात घोळव."

भाच्यानं घोळवला, तोंड वाकडं केलं आणि तस्तात थुंकला. "कडू आहे गं. पण काळा चहा कडूच असतो."

"आता साखर खा."

भाच्यानं चमचाभर साखर आनंदानं तोंडात टाकली आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मावशे! वाळू! वाळू आहे ही!"

अध्यक्षांनी चिमूटभर चाखली. "साखरच आहे."

"सगळ्यांसाठी साखर, एकट्या याच्यासाठी वाळू," मावशी म्हणाली. "त्या संध्याकाळी हेच झालं. वाइन एका सुरईतली, जेवण सगळ्यांना एकच, ग्लास यांनी स्वतः पुसलेले. मग यांचं एकट्याचं असं काय होतं? हा चहा."

"पण मी तीन वाइन ओळखल्या!" चोखंदळ ओरडला.

"त्या तिन्ही गोड नव्हत्या. तुमच्या जिभेचं आंबट, खारट, कडू सगळं शाबूत होतं. गोड तेवढं गेलं होतं. म्हणून चीज आवडलं आणि कांदे कागद लागले. कांदे तर सोतेर्नच्या आधी आले. म्हणजे चौथ्या बाटलीच्या आधीच जीभ गेली होती. तुम्हाला कळलं नाही, कारण कांद्यांच्या आधी गोड काही समोर आलंच नव्हतं आणि कांद्यांचा दोष तुम्ही आचाऱ्यावर टाकलात. तुमचं नाक मात्र ठीक होतं. वास मधाचा आणि चव लिंबाची! म्हणून तुम्हाला अर्क कालवल्यासारखं वाटलं. आणि गाडीतली गोळी घरापर्यंत गोड झाली, कारण या पाल्याचा अंमल थोडाच वेळ टिकतो."

"कुठला पाला?" चेल्यानं विचारलं.

मावशीनं डब्यातली पत्ती बशीत ओतली. काळ्या चहाबरोबर वाळून कुस्करलेली पानं मिसळलेली होती. "गोडाची वासना मारणारा. ज्यांच्या खिडकीत ही वेल आहे त्यांनीच मला हे सांगितलं, आणि भाच्याला चाखायलाही देत होत्या."

सगळ्यांच्या माना वहिनींकडे वळल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"डबा चाखायच्या दिवशीच उघडतो. थर्मासला कुणी हात लावत नाही, पण डबा घरीच असतो. पाला नंतर काढून टाकायला तुम्हाला भरपूर वेळ होता, वहिनी. तुम्ही काढला नाही. वर मला तपासाला बोलावणाऱ्याही तुम्हीच. लपायचं असतं तर असं कुणी करेल?"

"हो, मी केलं," वहिनी म्हणाल्या. "सूड म्हणून केलं. दुसरा शब्द शोधू नका."

चोखंदळ ताडकन उठला. त्याच्या चेहऱ्यावर संताप होता, पण त्याहून मोठा आनंद होता. "ऐकलंत, अध्यक्ष? माझ्या घरात राहून, माझं अन्न खाऊन!"

"ते अन्न मी शिजवलेलं असतं, भाऊजी."

"यांना मी कोर्टात खेचीन! आत्ताच्या आत्ता सभेला सांगा. माझा काही दोष नाही. माझी जीभच मला फसवत होती!"

"तुम्हाला अजिबात जाणवलं नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"कसं जाणवणार? जे लागलं ते मी प्रामाणिकपणे बोललो. तुमची बाटली अस्सल होती, हे आता मी सगळ्यांपुढे सांगायला तयार आहे."

"म्हणजे चाखणाऱ्यात खोट असली तर अस्सल बाटलीही खोटी ठरते," वहिनी म्हणाल्या. "हे तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं मला. मी सांगितलं असतं तर विधवेचं रडगाणं म्हणाला असतात. म्हणून या बाईंना बोलावलं."

मावशी शांतपणे म्हणाली, "थोरल्या भावाच्या सोतेर्नला तुम्ही म्हणालात, वास मेलेला, नुसता साखरेचा पाक. जिभेला गोड कळत होतं, मग वास कुठे गेला? त्या सकाळी तुम्ही वाफारा घेत होतात. वास बाटलीतून गेला नव्हता, तुमच्या नाकातून गेला होता."

"त्या दिवशी तुमच्याकडे नाक नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणून या खेपेला मी जीभ घेतली. खात्रीनं बोलावं आणि खोटं ठरावं, सगळ्यांदेखत, हे कसं लागतं ते तुम्हाला कळायला हवं होतं. पण एक फरक आहे. आता तुम्हाला ठाऊक नव्हतं. तेव्हा होतं. माझ्या घरातून शिंकत गेलात तुम्ही. 'सर्दी आहे, आज निकाल देत नाही,' एवढं म्हणायचं होतं. दादा-दादा करत ज्यांच्या मागे फिरलात, त्यांच्यासाठी एवढंच."

"भावाची भीड धरली असं म्हटलं असतं लोकांनी," चोखंदळ म्हणाला. "सगळे माझ्याकडे बघत होते."

"ह्यांच्याकडेही बघत होते. ह्यांनी शेवटपर्यंत एकच विचारलं, माझी बाटली बिघडली कशी? तुमच्यावर संशय घेतला नाही. मी सर्दीचं सांगितलं तर मलाच रागावले. धाकटा असं करणार नाही म्हणाले."

आचाऱ्यानं मान खाली घातली. भाच्याच्या हातातला चमचा टेबलावर पडला आणि त्यानं तो उचललाही नाही.

दिवाणखान्याचं दार उघडून कुणीतरी डोकावलं. सभा भरली होती. अध्यक्षांनी चोखंदळाकडे पाहिलं.

"या चहाची गोष्ट मी सभेला सांगितली तर तुमची खुर्ची कदाचित वाचेल. पण मग सर्दीची ती दुसरी गोष्टही सांगावी लागेल. एक खरी आणि दुसरी नाही, असं मला करता येणार नाही. आणि सर्दी असूनही भावाच्या बाटलीचा निकाल बरोबरच होता म्हणत असाल, तर जीभ नसताना दिलेला माझ्या बाटलीचा निकालही बरोबर, आणि मीही लबाडच ठरतो. मग चहाचं काही बोलायलाच नको."

चोखंदळ टेबलाला धरून उभा राहिला. त्यानं चेल्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. पैसे देऊन ज्या बाईला आणलं, तिनंच आपल्याला या दारात आणून उभं केलं, हे त्याला आत्ता उमगत होतं. तो दारापर्यंत गेला. पलीकडे ओळीनं माणसं बसली होती. त्या मेजवानीत हसलेली बरीचशी तीच.

"माझ्या भावाची बाटली..." तो पुटपुटला आणि थांबला.

"मोठ्यानं, भाऊजी," मागून वहिनी म्हणाल्या. "तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं."

"माझ्या भावाची बाटली खरी होती!" चोखंदळ ओरडला. "मला त्या दिवशी वास येत नव्हता. मला माहीत होतं."

कुणीही हसलं नाही. वहिनी तशाच ताठ बसून होत्या. सभेनं त्याचं काय केलं हे ऐकायला त्या थांबल्या नाहीत. कोर्टात बोलावलं तर येईन, बहिणीच्या घरी असेन, असं सांगून त्यांनी मावशीला पत्ता दिला. सामान त्यांनी सकाळीच बांधून ठेवलं होतं.